जस्ताच्या वड्या

बाबा गेले तो मंगळवार होता. सकाळी त्यांनी चहा घेतला, चष्मा पुसला आणि खुर्चीत बसले. आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही. मी कॉलेजात होते. फोन आला तेव्हा मी फळ्यावर लिहीत होते. मी खडू ठेवला आणि घरी आले.

त्याला आता सात महिने झाले. या सात महिन्यांत मी पुष्कळदा लिहायला बसले आणि उठले. बाबांबद्दल लिहायचं तर एका चुकीबद्दल लिहावं लागतं, आणि ती मी तीस वर्षं कोणाला सांगितलेली नव्हती.

बाबा मिस्त्री होते. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलरचे पंखे, शाफ्ट आणि सुकाणू यांचं काम ते करत. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढल्या, की बाकीच्यांचं काम थांबे आणि त्यांचं सुरू होई. बोटीचा जो भाग वर्षभर पाण्याखाली असतो तो दोन महिने उघडा पडे, आणि तेवढ्या दोन महिन्यांत त्यांना तो बघून, ठोकून, बदलून पुन्हा समुद्रात जाण्याजोगा करायचा असे. आमचं घर बंदराच्या वरच्या चढावर होतं. मागच्या बाजूला पत्रा घालून त्यांनी एक पडवी काढली होती. तिथे ऐरण, छोटी भट्टी, आणि भिंतीला टांगलेल्या कानशी. कानशी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावलेल्या असत आणि ती ओळ मोडलेली त्यांना चालत नसे.

ते सातवी शिकले होते. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत होते. अकरावीला सायन्स घेतलं आणि पुस्तकं एकदम इंग्रजी झाली. पहिले दोन महिने मला वर्गात काही कळत नव्हतं. मी शब्दकोश घेऊन पडवीच्या पायरीवर बसायचे, एकेक वाक्य सोडवायचे आणि मोठ्यानं मराठीत म्हणायचे. बाबा आत काम करत असायचे. एक दिवस कानस थांबली.

"पुढे काय?" ते म्हणाले.

"कशाचं पुढे?"

"ते मिठाचं सांगत होतीस ना. एकानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं. पुढे काय झालं त्यांचं?"

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. संध्याकाळी मी धडा मराठीतून सांगायचा आणि त्यांनी हातातलं काम न सोडता ऐकायचा. तो धडा रासायनिक बंधांचा होता. अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात, आणि ज्या तऱ्हेनं धरतात त्यावर ती वस्तू कडक की मऊ, ठिसूळ की लवचिक, लवकर वितळणारी की न वितळणारी हे कसं ठरतं, असा. आज मी तो दरवर्षी शिकवते. पण पहिल्यांदा मी तो पडवीत शिकवला, आणि तसा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही.

मिठाचं मी असं सांगितलं होतं: सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन घेतो, मग दोघांवर उलट भार येतात आणि ते एकमेकांना खेचून धरतात. एकाआड एक, ओळीनं, वर खाली सगळीकडे. ही ओढ इतकी पक्की की मीठ वितळवायला आठशे अंश लागतात.

"खरं आहे," बाबा म्हणाले. "भट्टीत खडा पडला तर तडतडतो, वितळत नाय."

"पण ठोकला तर फुटतो. कारण ठोकल्यावर एक थर जरासा सरकतो, आणि सारखे भार समोरासमोर येतात. ते एकमेकांना ढकलतात."

त्यांनी कानस खाली ठेवली, आईच्या बरणीतून खडे मिठाचा एक मोठा खडा आणला, ऐरणीवर ठेवला आणि छिन्नी टेकवून हलकेच टोला दिला. खडा दोन झाला. त्यांनी चष्मा लावून तुटलेली बाजू पाहिली. ती सपाट होती.

"करवतीनं कापल्यासारखा," ते म्हणाले. मग तांब्याच्या तारेचा तुकडा घेतला आणि त्यावर तसाच टोला घातला. तार चपटी झाली. "हे का नाय फुटलं? ह्याचे थर सरकले नायत?"

"सरकले. पण धातूत इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे नसतात. सगळ्यांचे मिळून असतात. त्यामुळे कोणीही कुठेही सरकला तरी धरलेलाच राहतो."

बाबांनी चपटी तार उचलून वाकवून पाहिली. "म्हणजे बोटीवरच्या जेवणासारखं. टोप एक, जेवणारे सगळे. कोणी जागा बदलली म्हणून उपाशी राहत नाय."

मी आजही वर्गात टोपाचंच उदाहरण देते. मुलं हसतात, पण विसरत नाहीत.

पेन्सिलीचं शिसं आणि हिरा दोन्ही कार्बनचेच, हे मात्र त्यांना पटायला दोन दिवस लागले. शिशात कार्बनचे पापुद्रे असतात, पापुद्र्याच्या आत अणू घट्ट धरलेले, पण एका पापुद्र्याची दुसऱ्यावर पकड नाही, म्हणून ते कागदावर उतरतात. आणि हिऱ्यात प्रत्येक अणू चार बाजूंनी चौघांना धरून असतो. "म्हणजे माल एकच, जोडणी वेगळी," ते शेवटी म्हणाले, आणि आईकडे वळून, "ऐकलंस का, तुझ्यासाठी हिरा आणलाय," म्हणत त्यांनी कानावरची सुतारी पेन्सिल काढून तिच्यासमोर धरली. आई म्हणाली, "त्यानं आधी वाण्याची यादी लिहा."

कधी ते मला विचारायचे. एकदा म्हणाले, "तांबं लाल करून पाण्यात बुडवलं तर काय होतं, सांग." पोलाद तसं केलं की कडक होतं हे मी पडवीत पाहिलेलं होतं, म्हणून मी म्हटलं, कडक होईल. त्यांनी तांब्याची नळी तापवली, पाण्यात सोडली, आणि बाहेर काढून बोटांनी वाकवून माझ्या हातात दिली. मऊ पडली होती. मी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. त्यात ते नव्हतं.

"नाही आहे ह्यात," मी म्हटलं.

"पुढच्या पुस्तकात असेल," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात शंका नव्हती. छापलेलं पुस्तक, त्यातून इंग्रजी, म्हणजे त्यात सगळं कुठेतरी असणारच, असं त्यांना वाटे. त्यांच्या हाताला जे ठाऊक होतं ते पुस्तकात सापडलं की त्यांना फार आनंद व्हायचा. आपण इतकी वर्षं करत आलो ते बरोबर होतं, असं कोणीतरी मोठ्या माणसानं सांगितल्यासारखा.

मे महिन्यात ते जस्ताच्या वड्या ओतायचे. वड्या हा त्यांचाच शब्द. जुन्या जस्ताचे तुकडे लोखंडी पळीत घालून ते भट्टीवर धरायचे, वितळलं की वरची राख बाजूला सारायची आणि चौकोनी साच्यात ओतायचं. साच्यात आधीच एक लोखंडी पट्टी आडवी ठेवलेली असे, म्हणजे वडी बोटीला बोल्टनं आवळता येई. थंड होताना जस्तावर तुरे उमटायचे. ते बघायला मी शाळेत असल्यापासून पडवीच्या दारात उभी राहायचे. आई म्हणायची, "ह्यांच्या वड्या आधी होतात. माझ्या नारळाच्या मग, पुनवेला."

प्रत्येक ट्रॉलरच्या सुकाणूवर आणि पंख्याजवळ ते अशा दोन-तीन वड्या लावायचे. वडी लोखंडाला थेट चिकटलेली हवी, मध्ये रंगाचा थर नको, आणि वडीवरही रंग नको. नारळी पौर्णिमेआधी बोट नवी नवरी करायची म्हणून रंगारी सगळीकडे ब्रश फिरवत येत, तेव्हा बाबा वडीसमोर उभे राहत. पुढच्या पावसाळ्यात बोट वर आली की वडी अर्धी खाल्लेली असे, खड्ड्याखड्ड्यांची. ते ती काढून नवी लावायचे.

माझं अकरावीचं वर्ष संपलं त्या मे महिन्यात मी त्यांना विचारलं, "बाबा, हे जस्त कशाला लावता?"

"लावायचं असतं."

"पण का?"

"उस्ताद लावायचे."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"त्यांच्या उस्तादानं सांगितलं असणार. कोर्टात उभा केलायस का गो मला?"

मी हसले नाही. मला नुकतंच ऐंशीच्या वर मार्क मिळाले होते आणि तो धडा मला पाठ होता. धातूमधले बंध जितके पक्के तितका धातू कडक आणि तितका त्याचा वितळणबिंदू वर. मी पुस्तक आणलं, मागचा तक्ता उघडला. लोखंड पंधराशे अंशांच्याही पुढे वितळतं. जस्त चारशे वीसला. त्यातून ओतलेलं जस्त हातोडीनं मोडतं, आणि एका हंगामात अर्धं संपतं हे तर तुम्हीच दाखवता. म्हणजे पाण्याखालच्या सगळ्यांत अवघड जागी आपण सगळ्यांत कच्चा धातू लावतो, मी म्हटलं. दहावीत मी लोखंडावर जस्ताचा थर देतात हे शिकले होते, पण त्याचा अर्थ मी पांघरूण असा घेतला होता. सुकाणूच्या कोपऱ्यावर एक वडी लावली तर पांघरूण कसं होणार?

बाबांनी हात धुतले, पुसले, आणि मग तक्त्यावर बोट ठेवलं. इंग्रजी अक्षरं त्यांना येत नव्हती, आकडे येत होते. एका आकड्यावरून दुसऱ्या आकड्यावर त्यांचं बोट दोनदा गेलं.

"एवढा फरक?"

"एवढा."

"मग काय लावावं?"

"स्टेनलेस स्टीलची पट्टी. ते गंजतही नाही."

"पुस्तकात आहे?"

पुस्तकात तक्ता होता. बोटीबद्दल, समुद्राच्या पाण्याबद्दल, स्टीलच्या पट्टीबद्दल त्यात एक ओळ नव्हती. ते सगळं मी माझ्या मनानं जोडलं होतं. हे मला त्या क्षणी कळत नव्हतं असं मला आज म्हणता येणार नाही. मला कळत होतं, आणि "नाही, हे माझं मत आहे" असं म्हटलं तर बाबा तक्त्यावरचं बोट उचलतील हेही कळत होतं.

"आहे," मी म्हटलं.

त्या वर्षी त्यांनी एका नाखवांच्या मोठ्या ट्रॉलरला स्टील लावलं. नाखवा म्हणजे बोटीचे मालक. हे आमच्या आळीच्या खालच्या अंगाला राहत. त्यांची बोट वर्षानुवर्षं बाबांच्याच हातची होती. बाकीच्या बोटींना जुन्या ओतलेल्या वड्याच गेल्या. नवी गोष्ट पहिल्यांदा ज्याच्याशी जास्त घरोबा त्याच्याकडे करायची, असा बाबांचा हिशेब असावा. मी त्या दिवशी डबा घेऊन बंदरात गेले होते. नाखवा बोटीच्या मागे वाकून बघत होते.

"मिस्त्री, यंदा वड्या नायत? बायकोनं ओतू दिल्या नायत काय?"

"यंदा स्टील," बाबा म्हणाले.

"कोण म्हणालं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मीच ठरवलं."

"चकाकतंय बरं," नाखवा म्हणाले. "माशे तोंड बघायला येतील." खलाशी हसले, बाबाही हसले, आणि पट्टीचा शेवटचा बोल्ट त्यांनी आवळला.

ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेली. मी बारावीत होते. नोव्हेंबरात आमच्या सरांनी विद्युतरसायनाचा धडा काढला. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि भोवती मिठाचं पाणी असलं, की त्यातला जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो झिजतो, आणि तो झिजत असेपर्यंत दुसरा टिकतो. सरांनी उदाहरण दिलं ते जहाजाचंच. लोखंडाच्या सुकाणूला जस्ताचा गोळा लावतात. जस्ताची इलेक्ट्रॉनवरची पकड ढिली आहे म्हणूनच लावतात.

मी वहीत लिहून घेतलं. अक्षर नीट आलं होतं, ती वही माझ्याजवळ आहे.

त्या तासाला मला सगळं कळलं. बंध किती पक्का आहे हा प्रश्नच तिथे नव्हता. तक्त्यातला आकडा खरा होता, आणि तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होता. पितळी पंखा, स्टीलची पट्टी, आणि त्यांच्यामध्ये सुकाणूच्या लोखंडी पिना आणि बोल्ट. आता त्यांच्या वतीनं झिजायला कोणी नव्हतं. मी घरी आले. बाबा पडवीत होते. मला एवढंच सांगायचं होतं: स्टील काढून वडी लावा, बोट दोन दिवस किनाऱ्याला घ्यायला सांगा. पण ते सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग अकरावीच्या पुस्तकात ते कसं काय होतं? मी स्वतःला म्हटलं, एक हंगाम तर आहे. मे महिन्यात बोट वर आली की सांगू.

"आज काय शिकवलं?" बाबांनी विचारलं.

"नवीन काही नाही," मी म्हटलं, आणि त्यांना पाण्याचं सांगितलं. बर्फाच्या कारखान्यातली लादी पाण्यावर तरंगते कशी, पाण्याचे कण गोठताना हात लांब करून एकमेकांना धरतात आणि मध्ये जागा सुटते, असं. ते मला ठाऊक असलेलं जुनंच होतं. त्यांना आवडलं. मागे एकदा फ्रीजमधली पाण्याची बाटली का फुटली होती ते त्यांना आता समजलं होतं, आणि ते आईला समजावून सांगायला आत गेले.

मार्चमध्ये, माझ्या बोर्डाच्या परीक्षेच्या मध्यावर, नाखवांच्या ट्रॉलरचं सुकाणू गळालं. बोट परत येत होती, बंदराचं तोंड दिसत होतं. खालची पिन झिजून तुटली, बोल्ट सुटले आणि सुकाणू एका अंगाला लोंबायला लागलं. खडकांच्या बाजूला वाहत जाणारी बोट दुसऱ्या ट्रॉलरनं दोर टाकून ओढून आणली. कोणाला काही झालं नाही. हे मला त्या दिवशी समजलं नाही. दुसऱ्या दिवशी माझा रसायनशास्त्राचा पेपर होता, आणि बाबांनी आईला बजावलं होतं, पेपर होईपर्यंत घरात एक शब्द काढायचा नाही. मी पेपर दिला. धात्विक बंधावर प्रश्न आला होता. मी टोपाचं उदाहरण लिहिलं नाही, पुस्तकातलं लिहिलं. पूर्ण मार्क मिळाले असणार.

पेपर संपल्यावर बाबांनी खिशातून एक बोल्ट काढून माझ्यासमोर ठेवला. बोटाएवढा जाड बोल्ट मध्ये पेन्सिलीच्या टोकासारखा निमुळता झाला होता.

"बघ, कसा खाल्लाय."

मी त्यांना सगळं सांगितलं. जस्त काय करतं, स्टीलनं काय केलं. ते ऐकत होते. आश्चर्य म्हणजे त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"म्हणजे उस्तादांचं बरोबर होतं."

"हो."

"हे पुस्तकात आहे?"

"बारावीच्या आहे."

"मग अकरावीचं चुकलं?"

"तेही बरोबर आहे, बाबा."

"असं होय," ते म्हणाले. "तेव्हा तुझं अर्धंच शिकून झालं होतं. अर्ध्यावर मीच घाई केली."

तिथे मला बोलायला जागा होती. अकरावीच्या पुस्तकात ते नव्हतं, मी खोटं बोलले, आणि नोव्हेंबरपासून मला ठाऊक होतं. एवढी तीन वाक्यं. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, मग नाखवांना सांगा ना, पोरीनं पुस्तकात वाचलं म्हणून. लहान आहे, चुकलं. तुमच्यावर कशाला घेता?"

"हात कोणाचा होता?" बाबा म्हणाले. "बोल्ट मी आवळले."

त्या जूनमध्ये नाखवांचं बोलावणं आलं नाही. त्यांनी बोट दुसऱ्या मिस्त्रीकडे दिली. बंदरात बाबांना नाव पडलं, स्टीलवाले. "काय स्टीलवाले, चहा घेणार?" असं कोणीही म्हणायचं आणि बाबा चहा घ्यायचे. बाकीच्या बोटी येत राहिल्या, पण थोड्या कमी. तिसऱ्या वर्षी नाखवा स्वतः घरी आले, पायरीवर बसले, आईच्या हातचा चहा प्यायले आणि बोट परत बाबांच्या हाती दिली. मात्र त्या वर्षापासून दर पावसाळ्यात बाबांचं काम झालं की नाखवा सुकाणूपाशी वाकायचे आणि वडीवर नखानं ओरखडा काढून पाहायचे, जस्त आहे ना म्हणून. बाबा बाजूला उभे असायचे, हात पुसत. ते मी दोनदा पाहिलं. मग मी डबा घेऊन जायचं टाळायला लागले.

पुढे मी बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं. तांबं पाण्यात बुडवल्यावर मऊ का पडतं ते मला खरंच पुढच्या पुस्तकात सापडलं. ठोकून ठोकून धातूच्या आतल्या ओळींमध्ये गुंता होतो आणि तापवलं की त्या पुन्हा सरळ बसतात. पोलादात कार्बन असतो, तो झटकन थंड केल्यावर आतच अडकून पडतो, म्हणून त्याचं उलट. मी सुट्टीत घरी येऊन बाबांना सांगितलं. "बघ, म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले. दिवसभर खूश होते.

मग इथल्याच एका कॉलेजात मी शिकवायला लागले. दरवर्षी तो धडा आला की शेवटी मी मुलांना सांगायचे: बंध पक्का म्हणजे धातू प्रत्येक कामाला चांगला, असं समजू नका. आपल्या बंदरात एकदा एका मिस्त्रीनं जस्ताऐवजी स्टील लावलं आणि सुकाणू गळालं. मुलांना ते आवडायचं. मी ते वीसेक वर्षं सांगितलं. एका मिस्त्रीनं, असं.

गेल्या वर्षी पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ते स्टीलवाले आजोबा ना? आमच्या आजोबांच्या बोटीचं झालं होतं ते." ती नाखवांची नात होती. ते आजोबा म्हणजे तिच्या मॅडमचेच वडील, हे तिला ठाऊक नव्हतं.

"असेल," मी म्हटलं, आणि पुढचा मुद्दा फळ्यावर लिहिला.

त्या संध्याकाळी बाबा खुर्चीत बसले होते. काम थांबवून त्यांना बरीच वर्षं झाली होती, हात कापत, पण कानशींची ओळ ते अजून पुसत. मला पाहून म्हणाले, "आज काय शिकवलंस?" मी म्हटलं, "तुमचा टोप." ते हसले. मी बॅग ठेवली, त्यांच्याजवळ बसले. तीन वाक्यं तशीच होती, तीस वर्षांत त्यात एक शब्द बदलला नव्हता. बाबांनी चहा मागितला. मी चहा करायला उठले. त्यानंतर ते चार महिने होते.

त्यांचे दिवस झाल्यावर मी कॉलेजात परत गेले. धडा आला तेव्हा मी मुलांना सांगितलं की ते मिस्त्री माझे वडील होते आणि ती चूक माझी होती; मी एका तक्त्यावरून निष्कर्ष काढला आणि पुस्तकात आहे असं खोटं सांगितलं. एकानं विचारलं, "परीक्षेत हे लिहायचं का मॅडम?" मी म्हटलं, नको.

मग एका रविवारी मी नाखवांकडे गेले. ते आता समुद्रावर जात नाहीत, मुलं बघतात. ओट्यावर जाळं मांडीवर घेऊन फाटका भाग शोधत बसले होते. मला पाहून त्यांनी सुनेला हाक मारली, "मिस्त्रींची बाय आलीय, चहा टाक." मग बाबांबद्दल थोडं बोलले. त्यांच्यासारखा शाफ्ट सरळ करणारा पुन्हा झाला नाही, म्हणाले. मी ऐकलं आणि मग सांगितलं. तक्त्यापासून सगळं, नोव्हेंबरपर्यंत, काही न गाळता. "नाखवाकाका, ती चूक बाबांची नव्हती."

त्यांची जाळ्यातली बोटं थांबली नाहीत.

"तो त्या दिवशी ह्याच ओट्यावर बसला होता," ते म्हणाले. "मी नको नको ते बोललो. चार माणसं होती. तो म्हणाला, नाखवा, माझी अक्कल चुकली. दुसरं काय बोलला नाय."

"म्हणूनच सांगतेय. त्यांची नव्हती. माझी होती."

"तू किती वर्षांची होतीस?"

"सतरा."

"सतरा वर्षांच्या पोरीचं ऐकून माझ्या बोटीला हात लावणारा मिस्त्री नव्हता तो. आणि असला तर मला ते आज ऐकायचं नाय."

"पण तेच झालं, काका."

"हे बघ बाय. तो म्हणाला माझी चूक. तू म्हणतेस तुझी. मी कोणाचं खरं धरू? तू उद्या परत येऊन आणखी काय सांगशील. तो आता येऊन शब्द बदलणार नाय. मी त्याचं धरतो."

मी काही तरी म्हणायला गेले. त्यांनी मान हलवली.

"त्याचा शब्द खोटा पाडायला माझ्या दारात येऊ नको. चहा घे."

मी चहा घेतला. त्यांनी फाटका भाग सापडल्यावर मला जाळं ताणून धरायला सांगितलं. मी धरलं. गाठी मारून झाल्यावर त्यांनी दोरा तोडला आणि मी घरी आले.

वर्गात ती चूक आता माझी आहे. मिरकरवाड्यात ती बाबांची आहे.